होकाराच्या महिन्यातली कादंबरी : फ्रान्झ वेर्फेलविषयी

१

मुंबईच्या बोलपटांसाठी १९४० च्या आसपास ज्या परदेशी मंडळींनी काम केले, त्यांच्या नोंदी जमवण्याचा मला बऱ्याच वर्षांपासून नाद आहे. या नादात विली हास हे नाव माझ्या वहीत आले. प्रागमध्ये जन्मलेला, जर्मन भाषेत लिहिणारा हा ज्यू समीक्षक १९३९ मध्ये हिटलरच्या तावडीतून निसटून मुंबईला पोचला आणि मोहन भवनानी यांच्यासाठी पटकथा लिहू लागला. भवनानी म्हणजे ज्यांच्या 'मजदूर'साठी प्रेमचंदांनी लेखणी उचलली तेच दिग्दर्शक. मुंबईला येण्यापूर्वी हास बर्लिनमध्ये एका मातब्बर वाङ्मयीन साप्ताहिकाचा संपादक होता. काफ्काने मिलेनाला लिहिलेली पत्रे १९५२ मध्ये पहिल्यांदा पुस्तकरूपाने संपादित केली तीही त्यानेच.

हासच्या मागावर असताना त्याचा शाळासोबती भेटला, आणि मग हास बाजूला पडून या सोबत्यानेच माझी दहा-बारा वर्षे घेतली. त्याचे नाव फ्रान्झ वेर्फेल (१८९०-१९४५). कवी, नाटककार, कादंबरीकार. एके काळी त्याच्या पुस्तकांच्या आवृत्त्या हातोहात संपत. आज आपल्याकडे काफ्का आणि रिल्के यांची नावे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो.

मी जर्मन भाषेचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात दोन पायऱ्या चढलो, पुढचे सगळे शब्दकोशाच्या आधाराने. म्हणून वाचन सावकाश होते. पण सावकाश वाचण्याचा एक फायदा असतो. इतर लोक जे ओलांडून जातात तिथे आपला पाय अडतो. वेर्फेलच्या 'मुसा दागचे चाळीस दिवस' या कादंबरीच्या आरंभी लेखकाची छोटी टीप आहे. कादंबरी जुलै १९३२ ते मार्च १९३३ या काळात लिहिली, असे तीत म्हटले आहे. मजकूर संपल्याची तारीख, एवढेच समजून मी ती वाचली होती. पुढे वेर्फेलचे चरित्र वाचताना मार्च १९३३ हाच महिना पुन्हा आला, पण वेगळ्याच कारणाने. त्या महिन्यात बर्लिनहून आलेल्या एका कागदावर वेर्फेलने 'हो' असे उत्तर दिले होते.

एका बाजूला जुलमी सत्तेला 'नाही' म्हणणाऱ्या माणसांची कादंबरी आणि दुसऱ्या बाजूला जुलमी सत्तेला दिलेला होकार. हात एकच, महिनाही एकच. या दोन कागदांचे नाते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

१० सप्टेंबर १८९० रोजी प्रागमध्ये वेर्फेलचा जन्म झाला. वडील रुडॉल्फ वेर्फेल हातमोज्यांचे कारखानदार. घर ज्यू, भाषा जर्मन, शहर बहुतांशी चेक, आणि राज्य ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे. मुलाला सांभाळणारी दाई बार्बरा चेक कॅथलिक होती. ती त्याला आपल्याबरोबर चर्चमध्ये नेई. सिनेगॉग घराण्याचे, चर्च दाईचे, आणि या दोहोंच्या जोडीला ऑपेरा. लहान वयात लागलेले व्हर्डीच्या संगीताचे वेड त्याला शेवटपर्यंत पुरले. दाईचे ऋण त्याने पुढे १९२९ मध्ये 'बार्बरा' ही मोठी कादंबरी लिहून फेडले.

वेर्फेल आपल्या कविता पाठ म्हणून दाखवत असे आणि ऐकणारे भारावून जात. हासने आपल्या 'हर्डर-ब्लेटर' या नियतकालिकात त्याला छापले. काफ्काचा मित्र माक्स ब्रोड याने त्याच्यासाठी प्रकाशक मिळवला आणि डिसेंबर १९११ मध्ये 'जगाचा मित्र' हा त्याचा पहिला संग्रह बाहेर पडला. कवी एकवीस वर्षांचा होता.

संग्रहाच्या नावातच त्याची सगळी भूमिका आहे. या कवितांतला 'मी' कोणापासूनही अलग राहायला तयार नाही. वाचकाला उद्देशून लिहिलेल्या एका प्रसिद्ध कवितेत आपण प्रत्येक माणसाचे आप्त व्हावे, एवढीच त्याची इच्छा आहे. जर्मन कवितेत तेव्हा उंच मनोऱ्यावर बसलेल्या कवीची परंपरा चालत होती. तिच्यात हा तरुण दार उघडून सरळ रस्त्यावर उतरला. काफ्काने दैनंदिनीत नोंदवले आहे की या कवितांनी त्याचे डोके सकाळभर भरून राहिले होते. रिल्केने १९१३ मध्ये तरुण कवीविषयीचे आपले टिपण लिहिले तेही वेर्फेलच्या कवितेने हलून जाऊन. दोघांची प्रत्यक्ष भेट मात्र रिल्केला फारशी मानवली नाही.

हा गळाभेटीचा सूर सगळ्यांनाच रुचला असे नाही. कार्ल क्राऊसने आरंभी त्याच्या कविता आपल्या 'फाकेल'मध्ये छापल्या, नंतर त्याच्यावर एक संपूर्ण विडंबननाट्य लिहिले. रॉबर्ट मूझिलने आपल्या महाकादंबरीत फॉयरमाउल नावाचा एक कवी उभा केला. माणूस मुळात चांगलाच असतो, असे तो जिथे तिथे सांगत सुटतो. व्हिएन्नाच्या वाचकांना मूळ माणूस ओळखायला वेळ लागला नाही.

क्राऊस आणि मूझिल यांचा आक्षेप एका वाक्यात असा मांडता येईल : जो सर्वांचा मित्र असतो, तो कोणालाही नकार देऊ शकत नाही. टोमणा म्हणून हे बोचरे आहे. पण मला ते त्याहून अधिक वाटते. वेर्फेलचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य एकाच मुळातून वर येते, आणि ते मूळ या टोमण्यात नेमके सापडते.

३

मधल्या वीस वर्षांतून लवकर पुढे जायला हवे. १९१२ पासून वेर्फेल लाइपझिगमध्ये कुर्ट वोल्फ या प्रकाशकाकडे हस्तलिखितांचा वाचक म्हणून होता. तिथे 'अखेरचा दिवस' या अर्थाच्या नावाची नव्या लेखकांची माला सुरू झाली. काफ्काची 'भट्टीवाला' ही कथा तिच्यात निघाली. महायुद्धात वेर्फेल पूर्व गॅलिशियाच्या आघाडीवर टेलिफोनचे काम करत होता. १९१७ मध्ये त्याची व्हिएन्नाच्या युद्ध-वृत्त कचेरीत बदली झाली आणि तिथेच त्याला आल्मा भेटली. संगीतकार माहलरची ती विधवा. त्या वेळी ती वास्तुकार ग्रोपिअसची पत्नी होती.

आल्माविषयी चटकदार मजकूर भरपूर लिहिला गेला आहे. आपल्या विषयापुरते दोनच मुद्दे. एक, कॉफीगृहात रात्री जागवणाऱ्या कवीला तिने टेबलाशी बसवले आणि त्याच्याकडून कादंबऱ्या लिहून घेतल्या. १९२४ ची 'व्हर्डी' ही तिच्या धाकाशिवाय झाली असती असे वाटत नाही. पाउल झोल्नाय या व्हिएन्नातल्या नव्या प्रकाशनसंस्थेचा शुभारंभ याच पुस्तकाने झाला. दोन, आल्माच्या बोलण्यात ज्यूंविषयीची अढी उघड असे. १९२९ मध्ये लग्नाआधी वेर्फेलने ज्यू धर्मसमुदायाचे सदस्यत्व सोडावे, असा तिचा आग्रह होता. त्याने ते सोडले. आल्माला त्याने हा जो होकार दिला तो लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे याच बाबतीत एक नकार येणार आहे.

तोवर मानसन्मान चालून आले होते. १९२६ मध्ये ग्रिलपार्झर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी प्रशियाच्या कला अकादमीत काव्य-वाङ्मयाचा नवा विभाग स्थापन झाला आणि त्याच्या सदस्यांत वेर्फेलचे नाव आले. बर्लिनहून आलेल्या त्या कागदाचा पत्ता याच सदस्यत्वाने ठरवला होता.

४

आता डोंगराकडे वळू. आल्माबरोबरच्या पूर्वेकडील प्रवासात वेर्फेल दमास्कसला थांबला होता. कादंबरीतील टीप १९२९ चा मार्च सांगते, चरित्रकार हा प्रवास १९३० च्या आरंभीचा मानतात. तिथे एका गालिच्यांच्या कारखान्यात त्याने काम करणारी पोरे पाहिली. हातापायांनी अधू, उपासमारीने सुकलेली. चौकशी केली तेव्हा कळले की ही आर्मेनियन निर्वासितांची मुले. त्यांचे आईबाप १९१५ मध्ये ऑटोमन सरकारच्या हुकुमाने घराबाहेर काढले गेले आणि वाळवंटाच्या वाटेवर मारले गेले. त्या मुलांचे डोळे आपल्याला स्वस्थ बसू देईनात, म्हणून हे पुस्तक, असे वेर्फेल सांगतो.

त्या वर्षीच्या संहारात एक वेगळी घटना घडली होती. अँटिऑकजवळ, भूमध्य समुद्राच्या काठी मुसा दाग, म्हणजे मोशेचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या आर्मेनियन गावांना हद्दपारीचा हुकूम आला तेव्हा बहुतेकांनी तो धुडकावला. बायकापोरे, शेळ्यामेंढ्या आणि जुन्या बंदुका घेऊन ते डोंगरावर चढले. सैन्याचे हल्ले त्यांनी परतवले. समुद्राच्या बाजूला मदतीची निशाणे लावून ठेवली आणि सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रेंच युद्धनौकांनी चार हजारांहून अधिक माणसांना उचलून पोर्ट सैदला नेले.

वेर्फेलने अभ्यास कसून केला. व्हिएन्नात आर्मेनियन मेखितारिस्ट साधूंचा मठ आहे. त्यांच्या ग्रंथालयाचा त्याला उपयोग झाला. जर्मन धर्मोपदेशक योहानेस लेप्सियस १९१५ च्या ऑगस्टमध्ये कॉन्स्टँटिनोपलला जाऊन युद्धमंत्री एन्व्हर पाशाला भेटला होता. आर्मेनियनांसाठी त्याने रदबदली केली आणि त्या भेटीचा वृत्तान्त स्वतः छापला. वेर्फेलने त्यावर कादंबरीचे एक पूर्ण प्रकरण उभे केले. नोव्हेंबर १९३२ मध्ये जर्मन शहरांत वाचनाचे कार्यक्रम झाले, तेव्हा त्याने मुद्दाम हेच प्रकरण निवडले.

एन्व्हर पाशा या प्रकरणात राक्षस नाही. तो देखणा आहे, अदबशीर आहे, जवळजवळ लाजरा आहे. आवाज न चढवता तो समजावतो की राष्ट्राच्या शरीरातील रोगजंतूंशी तह करता येत नाही. श्रोत्यांना त्या संध्याकाळी ही भाषा परकी वाटली नसणार. रस्त्यावरच्या भिंतींवर ती तेव्हा चिकटवलेली होती. हिटलर चॅन्सेलर होण्याला जेमतेम दोन महिने उरले होते.

५

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. अकादमीच्या वाङ्मय विभागाचा अध्यक्ष हाइनरिश मान याला फेब्रुवारीतच बाहेर पडावे लागले. मार्चच्या मध्यावर गॉटफ्रीड बेन या कवीच्या पुढाकाराने सर्व सदस्यांना एक प्रश्न पाठवण्यात आला. बदललेली ऐतिहासिक परिस्थिती मान्य करून तुम्ही अकादमीत राहायला तयार आहात काय? राहिलात तर सरकारविरोधी जाहीर राजकीय हालचाल करता येणार नाही आणि राष्ट्रीय सांस्कृतिक कार्यात निष्ठेने सहकार्य करावे लागेल. उत्तर एका शब्दात द्यायचे होते, हो किंवा नाही.

थॉमस मान बाहेर पडला, आल्फ्रेड ड्यूब्लिन बाहेर पडला. रिकार्डा हूखचे उदाहरण सर्वांत लखलखीत आहे. ती ज्यू नव्हती, डावी नव्हती, वयाने सत्तरीकडे झुकलेली होती, आणि तिने स्पष्ट शब्दांत नकार कळवला. वेर्फेलने 'हो' म्हटले.

या होकाराचा उपयोग काही झाला नाही. मेच्या आरंभी अकादमीने ज्यू म्हणून त्याला काढून टाकले आणि १० मेच्या होळीत त्याची पुस्तके जळाली. तरी तो शहाणा झाला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस कादंबरी प्रसिद्ध झाली आणि डिसेंबरात त्याने नाझींच्या लेखक-संघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. आपण राजकारणापासून नेहमीच दूर राहिलो, असा त्याचा सूर होता. अर्ज व्यर्थ गेला. फेब्रुवारी १९३४ मध्ये जर्मनीत कादंबरीवर बंदी आली.

चरित्रकार त्याची बाजू मांडतात आणि ती सर्वस्वी पोकळ नाही. जर्मन लेखकाचा वाचक मुख्यतः जर्मनीत होता. हे पुस्तक तिथे पोचले नाही तर ते लिहून उपयोग काय, असे त्याला वाटत होते. हे दिवस लवकरच सरतील, असे त्या वर्षी त्याच्यासारख्या अनेकांना वाटत होते. तरीही कागद कागदच असतो. ज्या माणसाने एन्व्हर पाशाच्या गोड आवाजामागचा सुरा इतका अचूक दाखवला, त्यालाच बर्लिनहून आलेल्या सभ्य भाषेतला सुरा दिसला नाही.

येथे मला स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. तिशीत असताना मी ज्या कार्यालयात होतो, तिथे एका सहकाऱ्याला तक्रार केल्याबद्दल निलंबित केले गेले. मग एक कागद सर्वांपुढे फिरला. संबंधित तक्रारीशी आपला संबंध नाही, एवढेच त्यात होते. ते अक्षरशः खरेही होते. मी सही केली. घरी धाकटी मुलगी, डोक्यावर कर्ज, ही कारणे होती आणि तीही खरी होती. तो सहकारी पुढे अनेक वर्षे रस्त्यात भेटला की हसून विचारपूस करी. त्याने तो विषय कधी काढला नाही, आणि मलाही तो काढता आला नाही. वेर्फेलच्या कागदाची तुलना माझ्या कागदाशी होऊ शकत नाही. पण त्याच्या चरित्रातले ते पान मी झटकन उलटू शकलो नाही, ते यामुळे.

६

अशा वेळी समीक्षेत दोन वाटा मळलेल्या असतात. पहिली म्हणते, लेखक भित्रा निघाला, म्हणून त्याची शौर्यगाथा खोटी. दुसरी म्हणते, साहित्यकृती स्वायत्त असते, लेखकाच्या चोपड्या कशाला उघडता? मला दोन्ही वाटा कादंबरीपासून दूर नेणाऱ्या वाटतात. कारण होकार आणि नकार यांचा प्रश्न खुद्द कादंबरीतच मांडलेला आहे.

पहिल्या भागातल्या मोठ्या सभेचे प्रकरण पाहावे. हद्दपारीचा हुकूम आला आहे. गाब्रिएल बाग्रादियानच्या बागेत साऱ्या गावांची माणसे जमली आहेत. एकेक जण उठून बोलतो. तिथे बितियास गावचा वृद्ध प्रोटेस्टंट पाद्री हारुत्युन नोखुदियान उभा राहतो आणि सांगतो की सत्तेचा हुकूम मी मोडणार नाही, माझ्याबरोबर येतील त्यांना घेऊन मी हद्दपारीच्या वाटेने जाईन. हा पाद्री कल्पित नाही. त्या नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या काही कुटुंबांसह तो मार्ग खरोखरच धरला होता. एखाद्या साध्या वीरकथेत सभेने त्याची हुर्यो उडवली असती. वेर्फेल त्याला बोलू देतो, त्याच्या शब्दांची अब्रू राखतो. डोंगरावर जाणारे त्याचा निरोप घेतात तो प्रसंग वाचताना दोन्ही बाजूंचे दुःख सारखेच जड वाटते.

होकार देणाऱ्याचे मन या लेखकाला आतून माहीत आहे. लेप्सियसच्या प्रकरणातही तेच. हा भला माणूस मंत्र्यासमोर संताप गिळतो, शब्द तोलतो, हांजी हांजीच्या अगदी काठावर जातो, कारण त्याला काहीतरी पदरात पाडून घ्यायचे आहे. अखेर पदरात काहीच पडत नाही. वाटाघाटीच्या भाषेत बोलणाऱ्याची भाषाच हळूहळू समोरच्याची कशी होऊ लागते, हे मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत इतके जवळून पाहिलेले नाही. वेर्फेलने जे लिहिले ते जर त्याने स्वतः ऐकले असते, तर मार्चमधले उत्तर वेगळे झाले असते. पण लेखक आपल्याच पुस्तकाचा चांगला वाचक असतो असे थोडेच आहे!

नायकही विचार करण्याजोगा आहे. गाब्रिएल बाग्रादियान पॅरिसमध्ये वाढलेला, फ्रेंच बायकोचा नवरा, आपल्या लोकांची भाषा आणि रीत जवळजवळ विसरलेला. तो योगायोगाने गावी येतो, युद्धामुळे अडकतो आणि त्यांचा सेनापती होतो. आपल्या माणसांत तो अखेरपर्यंत पाहुणाच राहतो. प्राग, व्हिएन्ना, सिनेगॉग, चर्च या सगळ्यांच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या वेर्फेलने हे पात्र कुठून आणले, हे वेगळे सांगायला नको. कादंबरीच्या शेवटी नौका माणसांना घेऊन निघतात आणि गाब्रिएल मागे डोंगरावर राहतो. मुलाच्या थडग्यापाशी गोळी लागून तो पडतो. मोशेला वचनदत्त भूमी दुरून दिसली, पाय ठेवता आला नाही. तीच ही कथा. इतिहासातल्या नेत्यांपैकी एक, मोव्हसेस देर-कालुस्त्यान, पुढे लेबनॉनच्या संसदेत बसला. लढ्याचे दिवसही प्रत्यक्षात सुमारे त्रेपन्न सांगितले जातात. ते चाळीस करणे आणि नायकाला डोंगरावरच ठेवणे, हे दोन्ही निर्णय इतिहासाचे नाहीत, बायबल मुखोद्गत असलेल्या कवीचे आहेत.

कादंबरीत दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ज्युलिएट आणि गॉन्झाग मारिस यांचे प्रेमप्रकरण रेंगाळते. विशेषणांची गर्दी होते. पूर्वेकडील माणसे रंगवताना युरोपीय प्रवाशाची ठराविक नजर मधूनच डोकावते. पण याच लेखकाने धार्मिक वृत्तीचे, कळवळणारे तुर्क आणि दर्वेशही तितक्याच आस्थेने उभे केले. अपराध राष्ट्राचा नसतो, राष्ट्रवादाच्या नशेचा असतो, हे त्याला म्हणायचे होते. सर्वांचा आप्त होऊ पाहणारा तो एकवीस वर्षांचा कवी इथे कामी आला आहे. कोणालाही नाकारू न शकणाऱ्या माणसाने हे पुस्तक लिहिले, म्हणूनच त्यात पळपुटे, फितूर, घाबरट आणि शूर अशा सर्वांना जागा मिळाली. त्याच स्वभावाने अकादमीच्या पत्रावर 'हो' लिहिले.

७

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ते लेखकाच्या हातात राहिले नाही. १९३४ मध्ये इंग्रजी भाषांतर आले आणि अमेरिकेत प्रचंड खपले. मेट्रो-गोल्डविन-मायर या कंपनीने चित्रपटाचे हक्क घेतले. वॉशिंग्टनमधील तुर्की राजदूत मुनीर एर्तेगुन याने अमेरिकी परराष्ट्र खात्याकडे तक्रारी लावून धरल्या आणि कंपनीने हात आखडता घेतला. डिसेंबर १९३५ मध्ये इस्तंबूलच्या आर्मेनियन समाजाला आपल्याच चर्चच्या आवारात हे पुस्तक जाळून निष्ठा दाखवावी लागली. आपल्या मृतांची कथा आपल्याच हाताने जाळायची! मार्च १९३३ च्या कागदाहून कितीतरी भयंकर असा हा होकार होता आणि तो देणाऱ्यांना दोष द्यायला जीभ रेटत नाही.

याच काळात पुस्तक दुसऱ्या वाचकांपर्यंत पोचत होते. पोलंडमधल्या वस्त्यांत कोंडलेल्या ज्यू तरुणांत त्याच्या प्रती हातोहात फिरल्या. बियालिस्टोकच्या वस्तीत फेब्रुवारी १९४३ मध्ये तरुण कार्यकर्त्यांची एक बैठक झाली. तिचे टिपण उपलब्ध आहे. जंगलात निसटून जावे की इथेच राहून लढावे, हा प्रश्न होता. त्यात एकाने म्हटले की ही वस्ती हाच आपला मुसा दाग समजायचा. सहा महिन्यांनी तिथे उठाव झाला. डोंगर नव्हता, समुद्र नव्हता, कोणतीही फ्रेंच नौका येणार नव्हती, हे त्यांना माहीत होते. रोमेलचे सैन्य इजिप्तपर्यंत आले असताना १९४२ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंनी कार्मेल डोंगरावर अखेरची लढाई द्यायची योजना आखली. तिलाही याच डोंगराचे नाव जोडले गेले होते.

वेर्फेलने आर्मेनियनांविषयी लिहिले आणि ज्यूंनी ते स्वतःविषयी म्हणून वाचले. जो नकार लेखकाला देता आला नव्हता तो वाचकांनी त्याच्या पुस्तकातून उचलला. पुस्तक त्यांना का पटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, त्यातली माणसे आधीपासून शूर नाहीत म्हणून पटले. ती मोजदाद करतात, भांडतात, पीठमीठ किती उरले ते पाहतात, एकमेकांवर संशय घेतात आणि तरी वर चढतात. वस्तीतल्या पोरांना पुतळा नको होता. आपल्यासारखे कोणीतरी हवे होते.

८

मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात घुसले तेव्हा वेर्फेल काप्री बेटावर होता. व्हिएन्नाला तो जिवंतपणी परतला नाही. फ्रान्समध्ये आसरा घेतला तर १९४० मध्ये फ्रान्सही पडले. जूनच्या धावपळीत हे जोडपे लूर्दला काही आठवडे अडकले. इथून सुटलो तर बर्नादेतची गाथा गाईन, असा नवस वेर्फेलने तिथे केला. मार्सेलमध्ये व्हेरियन फ्राय हा अमेरिकन तरुण निर्वासित लेखक-कलावंतांना बाहेर काढण्याच्या कामाला लागला होता. त्याच्या मदतीने सप्टेंबरात त्यांनी पिरेनीज पर्वत पायी ओलांडला. वेर्फेलला पन्नाशी पुरी होऊन दोन-चार दिवसच झाले होते, हृदय कमकुवत, शरीर स्थूल. बरोबर एकोणसत्तर वर्षांचा हाइनरिश मान, त्याची पत्नी आणि पुतण्या गोलो.

अकादमीतून सर्वांआधी बाहेर पडावे लागलेला हाइनरिश मान आणि अकादमीला 'हो' म्हणणारा वेर्फेल, दोघे त्या दिवशी एकाच काट्याकुट्यांच्या वाटेने वर चढत होते. नाझींच्या लेखी दोघांच्या उत्तरांत काहीच फरक नव्हता. माझ्या लेखी तो आहे आणि राहील.

अमेरिकेत नवस फेडला गेला. 'बर्नादेतचे गीत' १९४१ मध्ये स्टॉकहोमहून जर्मनमध्ये निघाले, पुढच्या वर्षी इंग्रजीत. चित्रपट झाला, जेनिफर जोन्सला ऑस्कर मिळाले. कॅथलिक वाचक लेखकावर इतके खूष झाले की हा आता बाप्तिस्मा घेणार, अशी अटकळ बांधली गेली. कॅथलिक श्रद्धेकडे त्याचा ओढा दाईचे बोट धरून चर्चमध्ये गेला तेव्हापासूनचा, आल्मा जन्माने कॅथलिक, नवा वाचकवर्गही बहुतांशी ख्रिस्ती. 'हो' म्हणण्यासाठी याहून अनुकूल घडी कोणती असणार?

वेर्फेलने 'नाही' म्हटले. प्रस्तावनेतच त्याने आपण कॅथलिक नसून ज्यू असल्याचे लिहून टाकले. १९४२ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांना पाठवलेल्या पत्रात त्याने कारण दिले : छळाच्या या घडीला इस्रायलच्या रांगेतून चोरपावलांनी बाहेर पडणे मला शक्य नाही, अशा आशयाचे. १९२९ मध्ये लग्नासाठी ज्या समुदायातून त्याने नाव काढले होते, त्याच्याच बाजूला तो आता थांबला, आणि तेही त्या समुदायात असणे म्हणजे युरोपात मृत्यूची शिक्षा होती तेव्हा. या नकाराने त्याला काही मिळाले नाही. त्याचे मोलही त्यातच आहे.

हा नकार कुठून आला, याचे उत्तर मी त्याच्या कादंबरीतच शोधतो. मागे राहणारा गाब्रिएल त्याने १९३३ मध्ये लिहिला होता. त्याच्यापर्यंत पोचायला लेखकाला नऊ वर्षे लागली.

२६ ऑगस्ट १९४५ रोजी बेव्हर्ली हिल्समधल्या घरी, निवडक कवितांच्या संग्रहावरून शेवटचा हात फिरवत असताना वेर्फेलचे हृदय थांबले. जगाच्या मित्राने अखेर हातात घेतल्या त्या कविताच. 'न जन्मलेल्यांचा तारा' ही शेवटची कादंबरी त्याने नुकतीच पुरी केली होती. १९७५ मध्ये त्याचे अवशेष व्हिएन्नाला नेण्यात आले.

त्या ऑगस्टमध्ये विली हास अजून भारतातच होता. प्रागमधल्या शाळेत ज्याच्या कविता त्याने सर्वांआधी ऐकल्या, तो मित्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला. हासचे नाव ज्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, तिच्या शेवटच्या पानांवर मी दोन नोंदी समोरासमोर लिहून ठेवल्या आहेत. डावीकडे 'मार्च १९३३, हो', उजवीकडे '१९४२, नाही'. मधल्या शिवणीत कादंबरीचे नाव आहे. वेर्फेलविषयी कोणी विचारले की मी ती पाने उघडतो, आणि तिन्ही नोंदी एकत्र वाचायला सांगतो.